मशीनचे लिटर, मावशींचे तास

जर्मनीत भाड्याचं घर मिळतं तेव्हा त्यात स्वयंपाकघर मिळतंच असं नाही. श्टुटगार्टला आम्ही घेतलेल्या घरात त्या खोलीत नळाचं एक तोंड, भिंतीतून बाहेर आलेली शेगडीची जाड वायर आणि छताला लोंबणारी दिव्याची दोन टोकं एवढंच होतं. ओटा, सिंक, कपाटं, शेगडी, ओव्हन हे सगळं भाडेकरूनं आणायचं आणि घर सोडताना काढून न्यायचं, नाहीतर पुढच्या भाडेकरूला विकायचं. पुणे-चाकणच्या कारखान्यांतून आणि कचेऱ्यांतून इथे बदलून येणाऱ्या मराठी कुटुंबांची संख्या थोडी नाही. त्यामुळे नव्यानं आलेल्याला सल्ला द्यायला माणसं भरपूर भेटतात. तिकडून काय आणायचं, इथे काय घ्यायचं, जुनं काय चालेल आणि नवंच काय घ्यावं, याच्या याद्या हातोहात फिरत असतात. मीही अशी यादी केली, आणि पुढे इतरांना करूनही दिली. ती यादी समोर ठेवून आज जरा वेगळा हिशेब मांडायचा आहे. तिच्यातला जवळजवळ प्रत्येक जिन्नस पुण्यात कुणा माणसाच्या हातांनी होणारं काम करत होता, आणि यादी करताना ते हात माझ्या ध्यानातही नव्हते.

यादीतल्या सोप्या गोष्टी आधी सांगते, कारण त्या खरोखरच उपयोगाच्या आहेत.

मिक्सर भारतातून आणावा. आपली वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, जर्मनीतलीही तीच. अमेरिकेला गेलेल्यांना १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झशी जमवून घ्यावं लागतं, ओट्यावर जड ट्रान्सफॉर्मर ठेवावा लागतो किंवा तिथल्या विजेवर चालणारा आपल्या पद्धतीचा मिक्सर शोधावा लागतो. इथे तो त्रास नाही. अडचण असते ती प्लगची. आपला तीन पिनांचा प्लग इथल्या गोल, खोलगट सॉकेटमध्ये बसत नाही, आणि प्रवासातला स्वस्त अडॅप्टर लावला तर पुष्कळदा अर्थिंगच मिळत नाही. ओल्या हातांनी हाताळायच्या यंत्राला अर्थिंग नसणं धोक्याचं. जाणकाराकडून वायरच्या टोकाला इथला प्लग बसवून घेतला की काम झालं. इथले ब्लेंडर सुपाला आणि फळांना चांगले आहेत, पण ओलं खोबरं, भिजवलेली डाळ, लसणीची कोरडी चटणी यांना लहान भांडं आणि तळाशी टेकणारं पातं लागतं. ते आपल्याच मिक्सरला असतं. मात्र रात्री दहानंतर आणि रविवारी तो लावू नये. रविवार हा इथे कायद्यानं शांततेचा दिवस आहे, आणि इमारतीतल्या सगळ्यांनी ती शांतता पाळायची असते.

शेगडी गॅसची क्वचितच असते. बहुतेक घरांत सपाट काचेची विजेची शेगडी. तिच्यावर गोल बुडाची कढई डुगडुगते, फुलका थेट फुलवायला ज्योत नसते, भरताचं वांगं भाजायलाही नसते. वांगं ओव्हनच्या वरच्या आचेवर ठेवून साल काळी होईपर्यंत भाजता येतं, पण धुराचा वास उतरत नाही तो नाहीच. इंडक्शन असेल तर ज्याला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं चालतं. ॲल्युमिनियमचा कुकर पुण्याहून वजन भरून आणण्यात अर्थ नाही, बिडाचा तवा मात्र उत्तम चालतो. वीज महाग आहे, युनिटला ढोबळमानानं ३५ ते ४० सेंट. त्यामुळे झाकण ठेवून शिजवायची, कुकर लावायची आपली सवय इथे फार कामाला येते.

इथवर कुणाच्या मनाला काही टोचण्याचं कारण नाही. टोचायला लागतं ते भांडी धुण्याच्या मशीनपाशी आल्यावर.

पुण्यात असताना डिशवॉशरबद्दल माझं मत ठाम होतं, आणि ते आमच्या ओळखीच्या सगळ्यांचंच होतं. आपल्या स्वयंपाकाला ते चालत नाही, कढईचं तेलकट आणि कुकरचं करपलेलं त्याला निघत नाही, आपली भांडी त्यात मावत नाहीत, त्याला पाणी फार लागतं. श्टुटगार्टला आल्यावर थोड्याच काळात यातलं जवळजवळ सगळं मी सोडून दिलं. तीच कढई, तोच रस्सा, तीच हळद. ताटं-वाट्या-पेले-पातेली मशीन स्वच्छ धुतं. ॲल्युमिनियम त्यात काळवंडतं, पितळ आणि तांब्याची चमक जाते, बीड आणि लाकूड घालायचं नाही, प्लास्टिकच्या डब्याला लागलेली हळद जात नाही. याहून मोठी तक्रार मला आजवर सापडलेली नाही. मशीन बदललं नव्हतं, भांडीही बदलली नव्हती. फरक एवढाच झाला होता की आता घासायचे हात माझे होते.

हे स्वतःशी नीट कबूल करायला मला वेळ लागला. पुण्यात डिशवॉशर नको असण्याचं कारण तेल-तूप नव्हतं. महिन्याला अडीच हजार रुपयांत सकाळ-संध्याकाळ भांडी आणि केर-फरशी करणाऱ्या मावशी होत्या, म्हणून ते नको होतं. चाळीस-पन्नास हजारांचं मशीन कशाला, हा हिशेब आम्ही बोलून दाखवत नव्हतो, पण तोच खरा होता. माणसाचे श्रम इतके स्वस्त होते की यंत्राला घरात यायला जागाच नव्हती. आणि श्रम स्वस्त आहेत असं म्हणताना आपण जणू पावसापाण्याबद्दल बोलतो, ते स्वस्त ठेवणाऱ्यांत आपण मोडतच नाही.

मशीन घेताना मी जो अभ्यास केला, तो मला आज जास्त बोचतो. इथे वस्तूंची परीक्षा करणारी श्टिफ्टुंग वारेनटेस्ट नावाची संस्था आहे, १९६४ साली स्थापन झालेली. तिच्या मासिकात जाहिराती नसतात, म्हणून लोकांचा तिच्यावर विश्वास आहे. मी तिचे तक्ते वाचले. युरोपात मार्च २०२१ पासून नव्यानं आखलेल्या ए ते जी या ऊर्जा-श्रेणी समजून घेतल्या. ४५ सेंटिमीटरचं घ्यावं की ६० चं, याचा खल केला. इको प्रोग्रॅम तीन-साडेतीन तास चालतो तरी वीज कमी का खातो, हेही शोधलं. बरीचशी वीज पाणी तापवायला जाते. पाणी कमी तापवलं आणि साबणाला काम करायला जास्त वेळ दिला की वीज वाचते. एका खेपेला साधारण नऊ-दहा लिटर पाणी लागतं. बॉन विद्यापीठात केलेल्या एका जुन्या अभ्यासात बारा जणांची भांडी हातानं धुणाऱ्यांनी सरासरी शंभर लिटरच्या आसपास पाणी वापरलं होतं, हेही मी वाचलं आणि पाण्याबद्दलची माझी शंका फिटली. इथलं पाणी जड असेल तर मशीनच्या तळाशी वेगळं मीठ घालावं लागतं, म्हणून आमच्या भागातल्या पाण्याचा जडपणाही पाहून ठेवला.

एका यंत्राचं पाणी, वीज, मीठ, आवाज, आयुष्य हे सगळं मी मोजलं. ज्या बाईंनी वर्षानुवर्षं आमची भांडी घासली, त्यांचं मी काय मोजलं होतं? खाडे. ते मात्र कॅलेंडरवर पेनानं गोल करून.

त्यांना आमच्याकडे किती वेळ लागतो, हे मी कधी घड्याळ लावून पाहिलं नाही. पाहुणे आले की भांडी दुप्पट होत, वेळ दुप्पट होई, पगार तोच राही. मशीनला एका वेळी किती ताटं घालायची याची मर्यादा असते आणि आपण ती निमूट पाळतो. वर भांडी उरली तर दुसरी खेप लावतो आणि तिची वीज मोजतो. मावशींना ‘एवढी चार जास्तीची आहेत हं’ म्हणून सांगितलं की झालं. त्यांनी एकदा पगारात तीनशे रुपयांची वाढ मागितली होती. मी ‘आईशी बोलून सांगते’ म्हटलं, दीडशेवर ठरवलं, आणि ठरवून झाल्यावर मला आपण समंजसपणानं वागल्याचं समाधानही वाटलं. त्या तीनशे रुपयांचे इथे चार युरोसुद्धा होत नाहीत. पण युरोत हिशेब करून लाज वाटून घेणं सोपं आहे, आणि ते खरंही नाही. त्या वेळी मला रुपयांतही ते परवडत होतं. न परवडणं हे कारण नव्हतंच. आमच्या सोसायटीत भांड्यांचा दर ठरलेला होता आणि तो मोडणारी पहिली मी व्हायचं नाही, हे कारण होतं.

इथे हे काम माणसाकडून करून घ्यायचं म्हटलं तर काय पडतं, तेही मी पाहिलं. जर्मनीत कायद्यानं ठरलेलं किमान वेतन जानेवारी २०२६ पासून तासाला १३.९० युरो आहे, आणि घरकामालाही ते लागू आहे. घरी कुणाला ठेवलं तर नोंदणी करायची, अपघात-विमा भरायचा, भरपगारी रजा द्यायची, आजारपणातही पगार द्यायचा. इथेसुद्धा पुष्कळ घरकाम नोंदणीशिवाय रोखीनंच चालतं, तेव्हा इथलं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं मी म्हणणार नाही. पण कागदावर तरी हे काम काम मानलं गेलं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी करार क्रमांक १८९ संमत केला. जर्मनीनं तो २०१३ मध्ये स्वीकारला, भारतानं अजून स्वीकारलेला नाही. महाराष्ट्रात २००८ साली घरकामगारांसाठी कल्याणकारी मंडळाचा कायदा झाला. त्यानं नोंदणीची आणि मदतीच्या योजनांची सोय केली, तासाचा दर ठरवला नाही. आणि हे विषय सरकारदरबारी पोचण्याच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये, पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संप केला होता. त्यातून मोलकरणींची संघटना उभी राहिली. पगारवाढ, आठवड्याची सुट्टी, भरपगारी रजा, दिवाळीला बोनस अशा त्यांच्या साध्या मागण्या. मी पुण्यात वाढले, शिकले, स्त्री-प्रश्नावरची व्याख्यानं ऐकली, आणि या संपाबद्दल वाचलं ते श्टुटगार्टच्या घरात, डिशवॉशर चालू असताना. माझ्या शिक्षणात ही मोठीच उणीव राहिली असं मला वाटतं.

यंत्रांनी बायकांची सुटका केली, असं आपण सहज म्हणतो. त्यात तथ्य आहे. स्वीडनचे हान्स रोसलिंग यांनी २०१० मध्ये एका व्याख्यानात आपल्या घरी पहिलं वॉशिंग मशीन आलं त्या दिवसाची आठवण सांगितली आहे. आयुष्यभर हातानं कपडे धुतलेली त्यांची आजी मशीनसमोर बसून सगळं धुणं होईपर्यंत पाहत राहिली, आणि मोकळ्या झालेल्या वेळात आई त्यांना ग्रंथालयात नेऊ लागली. ते ऐकताना मलाही भरून आलं होतं. पण त्याच्या शेजारी अमेरिकेच्या इतिहासकार रूथ श्वार्ट्‌झ कोवन यांचं १९८३ चं ‘मोअर वर्क फॉर मदर’ ठेवून पाहायला हवं. त्यांचं म्हणणं असं की घरातल्या यंत्रांनी पुरुषांची, मुलांची आणि नोकरांची कामं कमी केली. जे उरलं ते एकट्या गृहिणीकडे आलं, आणि स्वच्छतेची अपेक्षा वाढल्यामुळे तिचे तास काही घटले नाहीत. धोबीण गेली, मशीन आलं, आणि कपडे रोज बदलायची रीत आली. पुस्तकातलं हे वर्णन माझ्या घराला पुष्कळ लागू पडतं. पुण्यात मी नोकरी करत होते आणि घरकाम ‘करत नव्हते’, म्हणजे ते मावशी, पोळ्यांच्या काकू आणि आई करत होत्या. इथे तिघींची कामं चार यंत्रांत आणि माझ्यात वाटली गेली.

इथे नवऱ्याबद्दलही लिहायला हवं, कारण हा हिशेब माझा एकटीचा नाही. पुण्यात त्यानं स्वतःचं ताट उचलून सिंकमध्ये ठेवलं तरी आईला त्याचं कौतुक वाटे. इथे मशीन आल्यावर तो भांडी लावू लागला, आवडीनं आणि नीट: ताटं कुठल्या दिशेला तोंड करून, पातेली खालच्या कप्प्यात पालथी, चमचे दांडा खाली करून. हातानं घासायचं काम कधी अंगाला न लागलेला माणूस यंत्र आल्याबरोबर पुढे आला, यात वाईट काही नाही. उलट मला बरंच वाटतं. तरीही मीठ संपल्याचा दिवा लागला की तो मला दिसतो. शनिवारी साबणाच्या गोळ्या आणायच्या हे माझ्याच ध्यानात असतं. गाळणीत अडकलेलं कढीपत्त्याचं पान काढते तीही मीच. भारताच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात, घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवतात आणि पुरुष ९७ मिनिटं, असं आढळलं होतं. देश बदलून आमच्या घरातलं हे अंतर कमी झालं आहे, पण मिटलेलं नाही. आमच्या मुलीला मात्र आपलं ताट खरवडून मशीनमध्ये लावणं हे दात घासण्याइतकं साधं वाटतं. ती पुण्यात वाढली असती तर टेबलावर ताट ठेवून उठली असती, आणि मी तिला हटकलं असतं याची मला खात्री देता येत नाही.

आता मावशींबद्दल. त्या अजून आईकडे काम करतात. आमच्या फ्लॅटचं काम सुटल्यावर त्यांचा जो पगार गेला, त्याचं मी तेव्हा काय केलं? निघताना एक साडी आणि एका महिन्याचे पैसे दिले. इथे मला कुणी कामावरून कमी केलं असतं तर नोटिशीचा काळ कायद्यानं मिळाला असता, आणि त्याहून कमी मी मान्य केलं नसतं.

एकदा व्हिडिओ कॉलवर आईनं त्यांना माझं स्वयंपाकघर दाखवलं. मी मशीनचं दार उघडून आतल्या जाळ्या, फिरणारे पंखे, साबणाचा कप्पा दाखवला. मावशी फोनला अगदी डोळा लावून पाहत होत्या. त्यांनी एकच विचारलं, “ताई, हे गरम पाण्यानं धुतं व्हय?” मी हो म्हटलं, पन्नास-साठ अंशांपर्यंत तापतं म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, “थंडीत तेवढं गरम पाणी आलं तरी पुष्कळ झालं असतं बघा,” आणि कामाला गेल्या.

आईकडे भांडी घासायची जागा मागच्या बाल्कनीत आहे. तिथे एक नळ, खाली चौकोनी मोरी, शेजारी वॉशिंग मशीन. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सातला त्या नळाचं पाणी हाताला अक्षरशः चावतं. पावसाळ्यात मावशींच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत, कडेची कातडी पांढरी पडून सोलली जाई, आणि त्या हातांनी त्या काथ्या आणि पावडर धरत. ते मी पाहिलं होतं. एकदा मलमही आणून दिलं होतं. त्या बाल्कनीपासून बाथरूमचा गॅस गिझर एका भिंतीपलीकडे आहे. घराचं नूतनीकरण झालं तेव्हा प्लंबर दोन दिवस घरात होता, नळाच्या तोट्या कुठल्या घ्यायच्या यावर आई आणि मी दुकानं पालथी घातली होती, आणि त्या भिंतीतून एक गरम पाण्याची नळी काढावी हे आम्हा दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. आम्ही दुष्ट नव्हतो. त्या जागी उभं राहून भांडी घासायची आहेत ही कल्पनाच आम्ही कधी स्वतःबद्दल केली नव्हती. विवेकाला विचारलं तर तो इथेच बोट ठेवतो. कुणावर राग नव्हता, कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं, फक्त त्या नळापाशी आपण स्वतः कधी उभे नव्हतो.

त्या कॉलनंतर तीन लिटरचा विजेचा छोटा गिझर त्या नळाला बसवून घेतला. आजवर घेतलेल्या सगळ्या घरगुती यंत्रांमध्ये सर्वांत उपयोगाचं कुठलं, असं मला कुणी विचारलं तर मी त्याचं नाव घेईन, आणि ते मी स्वतः एकदाही वापरलेलं नाही. पण त्यावर समाधान मानून थांबणं मला जमलं नाही, कारण काही हजारांचा गिझर बसवणं सोपं होतं. ती वस्तू होती. वस्तू घेण्यात मी तरबेज आहे. तक्ते वाचायचे, तुलना करायची, मागवायची, की मन हलकं होतं. पगाराचा, रजेचा, तासांचा प्रश्न दुकानातून मागवता येत नाही. तो कुणाशी तरी बोलून, वाद घालून, रुसवा ओढवून सोडवावा लागतो.

तो वाद आता आईशी चालू आहे. मी सुचवलं की मावशींना आठवड्याला एक सुट्टी ठरवून द्यावी, खाड्यांचे पैसे कापू नयेत, दिवाळीला पूर्ण महिन्याचा बोनस द्यावा आणि पगार तासांवर बसवावा. आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू तिकडून सांगतेस ते ठीक आहे, पण इथे मला राहायचंय. माझ्याकडचा आकडा बाहेर गेला की खालच्या मजल्यावरच्या वहिनी उद्या मला विचारणार.” मी जोर धरल्यावर ती म्हणाली, “मग तुझ्यासारखं मशीनच घेऊन दे मला. कटकटच नको.”

ती रागानं म्हणाली, पण तिनं नेमकं वर्मावर बोट ठेवलं. श्रमाचं मोल वाढलं की यंत्र स्वस्त वाटू लागतं. श्टुटगार्टमध्ये मी तेच केलं आणि त्याला सोय म्हटलं. पुण्यात आईनं तेच केलं तर मावशींच्या सहा घरांतलं एक घर जाईल. माझ्या हातांची सुटका करणारं मशीन त्यांच्या हातांची सुटका करणार नाही, ते त्यांचा पगार नेईल. मग त्यांचं काम टिकावं म्हणून ते काबाडकष्टाचंच राहू द्यायचं का? तसं मानायला मी तयार नाही. कुणीही पन्नाशीनंतर उकिडवं बसून सहा घरची कढई घासावी, हे मला योग्य वाटत नाही. पण जोवर त्यांच्यासाठी दुसरं काम, दुसरी मिळकत नाही, तोवर त्यांच्या जागी यंत्र आणणारी मी होऊ इच्छित नाही. या दोन्ही गोष्टी मला एकाच वेळी खऱ्या वाटतात, आणि दोन्ही सांभाळायच्या तर खर्च माझा व्हायला हवा, त्यांचा नव्हे.

म्हणून आईला मी सांगितलं की वाढीव पगार मी देते, पण तो माझ्याकडून आलेली मदत म्हणून नको, तुझ्या घरचा पगार म्हणून त्यांच्या खात्यात जाऊ दे. मदत बंद करता येते. पगार बंद करायला कारण द्यावं लागतं. आईला हा फरक आधी पटला नाही, मग तिनं स्वतःच पेन्शनचं उदाहरण काढलं आणि पटला. मला आणखी एक भीती आहे: दुरून पैसे पाठवून मी आईच्या आणि मावशींच्या इतक्या वर्षांच्या जुळलेल्या नात्यात लुडबुड करते आहे का? आई आजारी होती तेव्हा रात्री थांबल्या त्या मावशी. मी व्हिडिओ कॉलवर होते. त्या नात्याची माया खरी आहे. पण त्याच मायेच्या नावाखाली आजवर पगाराचं बोलणं टळत आलं, हेही खरं आहे. त्यामुळे ही लुडबुड मला करायलाच हवी.

इथल्या यादीत आता कपडे वाळवण्याचं मशीन आहे. हिवाळ्यात घरात कपडे वाळत घातले की भिंतींना बुरशी येते, खिडक्या सताड उघडून वारा खेळवावा लागतो, आणि मुलीला दम्याचा त्रास आहे. ते मशीन मी घेईन, उष्णता पुन्हा वापरणारं, वीज कमी खाणारं. त्याबद्दल मला अपराधी वाटत नाही. गरज आहे, आणि त्यासाठी कुणाचं काम जात नाही. एका मैत्रिणीनं फरशी पुसणारा रोबो आईला पाठवायचं सुचवलं, त्याला मी नाही म्हटलं.

महिन्याच्या चार सुट्ट्या भरपगारी, एवढं आईनं मान्य केलं आहे, आणि कॅलेंडरवर खाड्यांचे गोल करणं तिनं सोडलं आहे. तासांचा पगार तिला अजून परका वाटतो. मावशींनाही तो पटकन पटेल असं नाही, त्या कामाच्या हिशेबानं विचार करतात. तेव्हा दोघींना आधी एकदा बसवून, किती वाजता येता, किती वाजता निघता, पाहुणे असले तर काय, हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं आहे. बोनस अर्ध्या पगाराचा की पूर्ण, यावर आमचं एकमत झालेलं नाही. दिवाळीच्या आत मला तो पूर्ण पगारावर आणायचा आहे.